दुसरा अंगठा

रावेरचे पाहुणे चारला यायचे होते. बाराच्या सुमारास गिरधरआप्पा टेलिफोनच्या ऑफिसातून परत आले आणि चपला न काढता तसेच ओट्यावर बसले. सरुबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बरोबर देवरामकाका होते. आप्पांच्या जोडीनं उभी नोकरी खांबांवर चढण्यात घालवलेला हा माणूस एरवी दारात पाऊल टाकलं की चहा मागायचा. आज तो पायरीशी उभा राहून हातातली टोपी उगीच उलटसुलट करत होता.

निरंजन तेवढ्यात स्कूटरवरून दराबा मिठाईचे डबे घेऊन आला. त्यानं आधी आप्पांच्या हातातला फोन पाहिला आणि मग बापाचं तोंड. फोनच्या कोपऱ्यात जिथे रेघा दिसायच्या तिथे फुली होती.

आप्पांच्या नंबराचं नवं सिम शनवारा भागात, त्याच्या मोबाइलच्या दुकानाच्या गल्ल्यात पडून होतं. नंबर रात्री नव्या कंपनीकडे फिरेल असं कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं. आप्पा झोपले की सिम बदलायचं, सकाळी फोन नेहमीसारखा वाजेल, आप्पांना पत्ताही लागणार नाही, असा त्याचा बेत होता. पन्नाशीला टेकलेला माणूस शाळकरी पोरासारखे बेत करतो तेव्हा त्याचं जे व्हायचं तेच झालं. नंबर सकाळी नऊलाच फिरला, आणि निरंजन त्या वेळी पाहुण्यांसाठी केळीची पानं आणायला जसोंडीला गेलेला.

आप्पांना वाटलं, लाइन बिघडली. चाळीस वर्षं ज्यानं गावाच्या लाइनी दुरुस्त केल्या त्याला दुसरं काय वाटणार. पाहुण्यांचा निघाल्याचा फोन यायचा होता, म्हणून ते छत्री घेऊन स्वतःच ऑफिसात गेले. पुढचं देवरामकाकांनी सांगितलं, तेही खालच्या आवाजात, अडखळत. आप्पा आत शिरले ते जुन्या ऐटीत. पेन्शनरांच्या संघटनेचे अध्यक्ष ते, त्यांना तिथे खुर्ची मिळायची. बाकावर चार-सहा जुने लोक बसलेले होते, त्यांच्यासमोर आप्पांनी काउंटरवरच्या पोराला धारेवर धरलं. आमच्या वेळी वादळात तार तुटली तर उजाडायच्या आत जोडायचो, तुम्हाला एक टॉवर सांभाळता येत नाही, अशानंच लोक पळतात त्या कंपन्यांकडे, आणि पळणाऱ्यांना तरी लाज पाहिजे, असं बरंच काही. पोरानं सगळं ऐकून घेतलं. नंबर विचारला, टाकला, आणि कॉम्प्युटरचा पडदा आप्पांकडे वळवला. साहेब, तुमचा नंबर आता आपल्याकडे नाही, तुम्हीच दुसऱ्या कंपनीत नेला, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. बाकावरचं कोणीतरी मात्र हसलं. अध्यक्षच पळाले, असं कोणीतरी म्हटलं.

"आप्पा दोनदा म्हनले, मी नाही नेला," देवरामकाका म्हणाले. "मंग काही बोललेच नाहीत. मी रिक्षा केली."

एवढं सांगून ते चहा न घेता गेले. आप्पा फोन हातात तसाच धरून बसले होते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एक सिम ते काय. पण या घरात बोलणी मोठ्याच्याच फोनवर व्हायची. लग्नाची, वाटणीची, आजारपणाची, कसलीही गोष्ट असो, निरोप आप्पांच्या नंबरावर यायचा आणि आप्पांच्या तोंडून घरात जायचा. निरंजनच्या मुलीच्या, भूमिकाच्या स्थळासाठी पाठवलेल्या माहितीतही तोच नंबर होता. राजपुऱ्यातल्या त्यांच्या बोळात सरकारी टॉवरची रेंज अलीकडे अशी रुसली होती की आप्पा गच्चीवर टाकीजवळ उभे राहिले तर बोलणं व्हायचं, खाली आले की गेलं. चोपड्याचं एक स्थळ त्यातच हातचं गेलं. तीन दिवस तुमचा फोन लागेना, आम्ही समजलो तुमचा विचार नाही, असं त्यांनी मध्यस्थाकडून कळवलं आणि दुसरीकडे सुपारी फोडून टाकली. त्या दिवशी भूमिका कोणाला काही बोलली नाही. फक्त संध्याकाळी जेवायला बसली नाही.

रावेरचं स्थळ तसं जाऊ द्यायचं नाही, हे निरंजननं मनाशी ठरवलं. त्याची बायको रंजिता म्हणाली होती, आप्पांना एकदा विचारून तर पाहा. निरंजन म्हणाला, काही उपयोग नाही, त्यांचं उत्तर मला पाठ आहे. ते खोटंही नव्हतं. मी गेल्यावर काय ते करा, हे आप्पांचं उत्तर सगळ्या घराला पाठ होतं. पण पाठ असलेलं उत्तर म्हणजे दिलेलं उत्तर नव्हे, हे त्याला आत्ता, डबे हातात घेऊन उभं असताना, चांगलंच समजत होतं.

तेवढ्यात आतून प्रशांत आला, आणि सगळं बिनसलं.

प्रशांत हा आप्पांचा धाकटा मुलगा. खात्यात रोजंदारीवर लागलेला, आज ना उद्या कायम झाला असता. पण खासगी कंपन्यांचे टॉवर बुरहानपुरात उभे राहू लागले त्या वर्षी तो त्यांच्या कामावर गेला. त्या दिवसापासून आप्पा त्याच्याशी बोलत नव्हते. एका पंगतीला बसून दोघे जेवत, पण मीठ हवं असेल तर सरुबाईंमार्फत मागत. आज पुतणीच्या बोलणीसाठी तो लालबागेतून सहकुटुंब आला होता आणि सकाळपासून खुर्च्या मांडत होता.

आप्पांनी मान वर केली. इतक्या वर्षांनी ते थेट त्याच्याशी बोलले.

"तुझं पोट भरलं नव्हतं का रे? मलेही तिकडे ओढून नेलं तू?"

प्रशांतला कळेना काय झालं. मग त्याची नजर फोनवरच्या फुलीवर गेली. हे त्याचं रोजचं काम, त्याला समजायला वेळ लागला नाही. माणसाचा अंगठा लागल्याशिवाय नंबर एका कंपनीतून दुसरीकडे हलत नाही, हे त्याला माहीत होतं, आणि घरात अंगठ्याचं मशीन कोणाच्या दुकानात आहे तेही. त्यानं तोंड उघडलं. निरंजनकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

निरंजनला वाटलं होतं, भाऊ बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. चोराला पकडून द्यावं तसं कोणीतरी आपल्याला पकडून द्यावं, म्हणजे आपल्याला स्वतःहून पुढे व्हावं लागणार नाही, इतका तो त्या क्षणी भेकड झाला होता. पण प्रशांत नुसता उभा राहिला.

उषाताईंना भांडणाची चाहूल लागायला उशीर लागत नसे. घरातली ही थोरली मुलगी नेपानगरला, कागदाच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या माणसाच्या घरी दिली होती, आणि तिथे राहून माहेरचा कारभार चालवत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि प्रशांतवर तुटून पडली. आप्पांनी ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्या खात्याच्या मुळावर तू उठलास, आता आप्पांनाच लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, टारगेट पुरं करायला दुसरा कोणी सापडला नाही का, असं ती एका दमात म्हणाली. प्रशांतची बायको आत स्वयंपाकघरात होती. तिच्या हातचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. सरुबाई एकदा या मुलाकडे, एकदा त्या मुलाकडे पाहत होत्या. आयांना कळायचं ते आधीच कळतं, पण त्या बोलल्या नाहीत.

"मी नाही केलं, आप्पा," प्रशांत एवढंच म्हणाला.

"तूच केलं. दुसऱ्या कोनाले काय पडली?" आप्पा म्हणाले. मग निरंजनकडे हात करून म्हणाले, "हा आहे ना इथं. ह्यानं केलं असं मी सपनातबी म्हननार नाही. ह्यानं माह्याशी जन्मभर वाद घातला, पन पाठीमागून काही केलं नाही."

हे ऐकून निरंजनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

वाद खरंच घातला होता. तो लहान असताना या बोळात एकच फोन होता, आप्पांचा. आख्खी गल्ली आपल्या नातेवाइकांना हाच नंबर द्यायची, आणि फोन आला की निरंजन पळत जाऊन बोलावून आणायचा. मग गल्लीतली एखादी बाई सगळ्यांसमोर उभी राहून माहेरच्यांशी बोलायची, रडायची तेही सगळ्यांसमोर. ज्यांना घरात फोन हवा असेल ते अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहायचे. कापसाचे व्यापारी, डॉक्टर, वकील आप्पांच्या ओट्यावर येऊन बसायचे, आमचा नंबर कधी लागेल म्हणून विचारायचे. केबल आली की बघू, असं आप्पा म्हणायचे. आप्पांनी त्यात कोणाचा पैसा खाल्ला नाही, पण मान खाल्ला, पोटभर. कॉलेजात गेल्यावर निरंजनला या गोष्टीचा राग येऊ लागला. लोक तुमच्या दारात येतात कारण त्यांना दुसरं दारच नाही, असं तो आप्पांना तोंडावर म्हणाला होता.

मग दुसरी दारं उघडली. आधी नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. मग सरकारनंच खासगी कंपन्यांना फोनचा धंदा करायला परवानगी दिली. दिल्लीत एक नवी संस्था बसली, जी कंपन्यांना नियम सांगायची आणि खात्यालाही. खात्याच्या डोक्यावर दुसरं कोणी बसतं ही गोष्ट आप्पांना शेवटपर्यंत पटली नाही. मोबाइल आले, येणारे फोन फुकट झाले, दर इतके पडले की भाजीवाल्याकडे दोन-दोन फोन दिसू लागले. आणि मग तो नियम आला. कंपनी सोडली तरी नंबर सोडायचा नाही, नंबर ग्राहकाचा. आप्पा त्या वेळी संघटनेच्या सभेत, मंडपात उभे राहून अर्धा तास बोलले होते. तार आमची, खांब आमचे, नंबर आम्ही दिला, आणि तो घेऊन माणूस दुसऱ्याच्या घरी नांदायला जाणार, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. घरी आल्यावर निरंजन म्हणाला होता, आप्पा, नंबर माणसाचाच असतो, माणूस ठरवेल कुठे जायचं.

असा हा न्यायनिष्ठुर मुलगा. दहा दिवसांपूर्वी त्यानं काय केलं होतं ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

नोव्हेंबर महिना. पेन्शनरनं आपण जिवंत असल्याचं कळवायचा महिना. हयातीचा दाखला द्यायला आप्पा दरवर्षीसारखे इस्त्रीचा सदरा घालून दुकानात आले होते, कारण काम सरकारी. तारा ओढून ओढून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, मशीन त्यांचा अंगठा सहजी घेत नाही. त्या दिवशी गंमत म्हणजे पहिल्यांदाच घेतला. दाखला गेला. आणि निरंजन म्हणाला, आप्पा, नीट उठला नाही, परत लावा. आप्पांनी अंगठा कपाळावर घासला, घामातेलानं लवकर उठतो म्हणतात म्हणून, आणि पुन्हा मशीनवर ठेवला. दाबून ठेवला, मुलाला त्रास नको म्हणून. नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला लागणारा कोड आधीच मागवून घेतला होता, आप्पांचा फोन चार्जिंगला लावतो म्हणून. मेसेज पुसून टाकला होता. नव्या सिमसाठीचा हा दुसरा अंगठा उठला तेव्हा आप्पा म्हणाले होते, जमलं का रे. आणि निरंजन म्हणाला होता, जमलं.

ओट्यावर प्रशांत आता चपला शोधत होता. बायकोला त्यानं हाक मारली. भूमिका दारात आली होती, साडीच्या निऱ्या अर्धवट हातात. तिनं काकाला पाहिलं, मग बापाला पाहिलं. बापाचं तोंड तिला वाचता येत होतं, पंचवीस वर्षं तेच वाचत आली होती.

"पापा," ती म्हणाली, "काका जा रहे हैं. कुछ तो बोलो ना."

निरंजननं दराब्याचे डबे खाली ठेवले. एवढा वेळ ते हातातच होते.

"आप्पा, प्रशांतनं नाही केलं. मी केलं."

उषाताईंचं तोंड उघडं राहिलं. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो परक्या भाषेत काही बोलला. म्हणून त्याला सगळं सांगावं लागलं. दाखल्याचा दिवस, कोड, मेसेज, पहिला अंगठा, दुसरा अंगठा. चोपड्याच्या स्थळाचंही त्यानं सांगितलं, आणि सांगतानाच त्याला कळलं की आपण मुलीच्या पाठीमागे लपतो आहोत. तेव्हा तो थांबला.

आप्पांनी आपला उजवा अंगठा वर धरून पाहिला.

"मले काहून इचारलं नाही?"

"तुम्ही नाही म्हणाले असते."

"व्हय. नाही म्हनलो असतो. नक्कीच म्हनलो असतो." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर निरंजनला सोसायला सोपं गेलं असतं. "पन तो नाही माह्या व्हता, निरंजन. तू मले सांगे, आप्पा, तुमच्या वक्ताले लोकाइले मर्जीच नव्हती. मानलं मी. नव्हती. आता सगळ्या गावाले मर्जी आहे, भाजीवाल्याले आहे, रिक्षावाल्याले आहे. माह्या घरात मलेच नाही राहिली."

रंजिता दाराआडून हे सगळं ऐकत होती. विचारून तर पाहा, हे आपण म्हटलं होतं हे ती आता बोलली नाही, आणि निरंजनला तिची दया बोलण्यापेक्षा जास्त लागली. प्रशांतनं चपला परत कोपऱ्यात सारल्या. त्यानं भावाकडे पाहिलं नाही. उषाताई त्याच्याजवळ गेली, दंडाला हात लावला, आणि बोलायला शब्द न सापडल्यानं चहा ठेवते म्हणून आत गेली.

तीन महिन्यांनी नंबर परत आणता येतो, त्याआधी नियमानं येत नाही, असं निरंजननं चाचरत सांगितलं. आप्पा म्हणाले, माझं वय किती आहे ठाऊक आहे ना.

सरुबाईंनी मग सूत्रं हातात घेतली. पाहुणे वाटेत असतील, त्यांचा फोन लागत नसेल, पोरीचं तोंड बघा जरा, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि निरंजनकडे न पाहता म्हणाल्या, जाऊन ते सिम घेऊन ये.

तो शनवाऱ्यात जाऊन आला. येताना आपण ओळखीच्या माणसांना चुकवत येतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, जसं काही त्या सगळ्यांना कळलंच होतं. आप्पांनी फोन पुढे केला आणि फक्त, बसव, म्हणाले. सगळं घर बघत होतं. दिवसाला वीस सिम बसवणाऱ्या माणसाला त्या भोकात टाचणी घालता येईना. शेवटी प्रशांत पुढे आला, भावाच्या हातातून त्यानं टाचणी घेतली, जुनं सिम काढून आप्पांच्या तळहातावर ठेवलं आणि नवं बसवलं. रेघा आल्या, पूर्ण. आप्पांनी जुनं सिम सदऱ्याच्या खिशात टाकलं. लगेचच फोन वाजला. रावेरचेच होते, इच्छापूर ओलांडलं म्हणत होते. आप्पा ओट्यावरच बसून बोलले. गच्चीवर जावं लागलं नाही. ते सगळ्यांना दिसलं आणि कोणालाही त्याचं बरं वाटलं नाही.

पाहुणे चारच्या थोडं आधीच आले. मुलाचे वडील नंदकुमार हे गप्पिष्ट गृहस्थ, केळीच्या बागा आणि शिक्षकाची नोकरी दोन्ही सांभाळणारे. मुलगा अक्षय जरा बुजरा, पण भूमिकानं पाणी दिलं तेव्हा ग्लास धरताना हसला, आणि त्या हसण्यात आडदांडपणा नव्हता. बोलणी चांगली चालली. भरताच्या वांग्यांवरून सुरू झालेलं बोलणं दोन्हीकडच्या नात्यागोत्यांत जाऊन एका चुलत आत्यापाशी मिळालंसुद्धा. आप्पा मधल्या खुर्चीवर ताठ बसले होते. निरंजन त्यांच्या बाजूला बसला होता, कारण मुलीच्या बापाची जागा तीच.

चहा झाल्यावर नंदकुमार सहज म्हणाले, "आप्पासाहेब, गेले आठ दिवस तुमचा फोन लागता लागत नव्हता. आमच्या घरात तर शंका काढायला लागले. आज एका रिंगमध्ये लागला. आम्ही ऐकलं होतं तुम्ही खात्याचे कट्टर, मग बदललं की काय सिम?"

उषाताईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. आता आप्पा खरं बोलतील, आणि त्यांनी बोलावंच, असं निरंजनला वाटलं. हे स्थळ त्यामुळे फिसकटलं असतं तरी बोलावं. आप्पा जन्मात खोटं बोलले नव्हते, अर्ज करून थकलेल्या माणसालाही त्यांनी कधी उद्याचा वायदा दिला नव्हता.

"हो, बदललं," आप्पा म्हणाले. पाहुण्यांशी ते पुस्तकी मराठीत बोलत. "मुलगा बरेच दिवस विचारत होता. मीच हट्ट धरून बसलो होतो. शेवटी मीच त्याला म्हटलं, बदलून टाक."

नंदकुमारांनी मान डोलावली. मोठ्या माणसांनी काळाप्रमाणं बदलावं हे आपल्या वडिलांना आपण सांगून थकलो, आणि विचारून करणारा मुलगा मिळायलाही नशीब लागतं, असं ते म्हणाले, आणि निरंजनकडे पाहून कौतुकानं हसले. निरंजनला हसून दाखवावं लागलं. इतकं घाणेरडं हसू आपल्या तोंडावर कधी आलं नसेल असं त्याला वाटलं. समोर प्रशांत पानाच्या तबकाकडे बघत होता.

सुपारी फुटली. भूमिकाच्या कपाळाला कुंकू लागलं, दराब्याचे डबे उघडले, फोटो निघाले, आणि दिवेलागणीच्या आत पाहुण्यांची गाडी बोळातून बाहेर पडली. भूमिका सगळ्यांच्या पाया पडली. बापाच्या पाया पडताना ती क्षणभर जास्त वाकून राहिली, उठल्यावर मात्र त्याच्या नजरेला नजर न देता आजीकडे गेली.

खुर्च्या आवरून झाल्यावर निरंजन आप्पांपाशी गेला. काहीतरी बोलायला हवं होतं. पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्यासाठी, असं त्यानं सुरू केलं.

आप्पांनी हातानंच थांबवलं. "तुह्यासाठी नाही. पोरीसाठी."

मग ते हात धुवायला मोरीकडे गेले. धुऊन आले, टॉवेलला एकेक बोट पुसत उभे राहिले. अंगठ्यापाशी थांबले.

"एक सांग मले," ते म्हणाले. "तो पहिला अंगठा तरी खरा व्हता का? हयातीचा दाखला गेला का, का तेही तसंच?"

"गेला, आप्पा. देवाशपथ गेला. मी तुम्हाला आत्ता फोनवर दाखवतो."

"नको. तू दाखवशीन ते मले काय समजनार." ते रागावले नव्हते. एखाद्या अनोळखी दुकानदाराशी बोलावं तसं ते नीट, सावकाश बोलत होते. "उद्या बँकेत जातो. तिथल्या बाईले इचारून येतो, मी जित्ता आहे म्हनून लिहेल आहे का नाही."

निरंजन म्हणाला, मी सोडतो तुम्हाला, सकाळी दुकान उशिरा उघडतो.

आप्पांनी टॉवेल दोरीवर टाकला आणि ओट्यावर चपला घालत असलेल्या धाकट्याला हाक मारली. प्रशांत मागे वळला.

"सकाळी धा वाजता येशीन का रे? मले बँकेत जायचं आहे."

"येतो, आप्पा," प्रशांत म्हणाला.